पावणेतीन तासांची भिंत

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात तीन चित्रपटगृहं बांधली होती आणि चित्रपट पाहिले होते दोन. त्यातल्या एकात त्यांना मध्यंतरापर्यंत झोप लागली, दुसऱ्यात शेवटपर्यंत. तक्रार काहीच नव्हती. अंधार, गार हवा, मऊ खुर्ची. चाळीस वर्षं उन्हात विटा रचलेल्या माणसाला एका तिकिटात आणखी काय हवं?

तिसरा चित्रपट त्यांच्या नशिबी आला तो जावयामुळे. जावई विमा कचेरीत कारकून, पण तो झाला पोटाचा उद्योग. खरा जीव सिनेमात. गावातल्या सिनेमाप्रेमी मंडळाचे ते चिटणीस होते, आणि ज्या दिग्दर्शकाचा हा नवा चित्रपट होता त्याचं नाव घेताना ते आवाज खाली आणायचे, माणूस दवाखान्यात आणतो तसा.

"बाबा, या वेळी झोपायचं नाही हं," जावई म्हणाले. "ह्या माणसाचा चित्रपट पाहायचा नसतो. अनुभवायचा असतो."

"डोळे मिटून अनुभवला तर चालेल का?" मिस्त्रींनी विचारलं.

मिस्त्रीणबाई तोंड फिरवून हसल्या. जावई हसले नाहीत.

चित्रपटाचं नाव होतं 'भिंत, बहुतेक'. मिस्त्रींचं घोडं नावापाशीच अडलं. भिंत म्हटली की ती एक तर असते, नाही तर नसते. "तुम्हाला बहुतेक भिंत बांधून देतो" असं गवंड्याने म्हटलं, तर मालक त्याला थापीसकट फाटकाबाहेर काढील. पण सिनेमावाल्यांचं गिऱ्हाईक वेगळं असावं.

तरी जाणं भाग होतं, कारण मामला घरचा होता. चित्रपटाचं निम्मं काम मिस्त्रींच्या लेकीच्या वाचनालयाच्या अंगणात झालं होतं. लेक तिथे ग्रंथपाल. गोष्ट दोन भावांची; थोरला भाऊ रागाच्या भरात अंगणाच्या मधोमध भिंत घालतो. आणि ती भिंत थोरल्याचं काम करणाऱ्या नामवंत नटाने म्हणे खरोखरच आपल्या हाताने, एकेक वीट उचलून, अठरा दिवसांत उभी केली. मदतीला कुणी नाही. वर्तमानपत्रांनी त्याच्या तळहातावरच्या फोडांचे फोटो छापले होते. मिस्त्रींच्या हातांना चाळीस वर्षं फोड येत होते, तेव्हा हे फोटोवाले कुठे जेवायला गेले होते कोण जाणे.

काम आटोपल्यावर सिनेमावाले भिंत तशीच टाकून गेले, आणि तिथून वाचनालयाचे दिवस पालटले. त्याआधी ते बंद पडायला टेकलं होतं. वर्षअखेरीस दोनशे सभासद नसतील तर वाचनालयाला कुलूप, असा समितीचा ठराव होता, आणि सभासद होते एकशे बारा. मग भिंत बघायला माणसं येऊ लागली. टेकून फोटो काढायची, तहान लागली की पाण्याला आत यायची, आत आली की दहातला एखादा पुस्तक चाळायचा आणि शंभरातला एखादा नाव घालायचा. आठ महिन्यांत आकडा एकशे एकसष्टवर गेला. लेकीने भिंतीच्या सावलीत चार बाकं मांडली, दुपारी तिथे वाचणारी माणसं बसू लागली. समितीचे अध्यक्ष, ज्यांचं पूर्वी रंगाचं दुकान होतं, तेही पाघळले. म्हणाले, "रविवारी दिग्दर्शकसाहेब स्वतः येऊन ह्या भिंतीचं स्मारक म्हणून उद्घाटन करतील. तेव्हाच दोन वर्षांच्या मुदतवाढीचं पत्र तुमच्या हातात ठेवीन. भिंत आहे तोवर वाचनालय आहे, ताई."

आणि भिंत ठेवण्याजोगी आहे, हे कुणी सांगितलं होतं? मिस्त्रींनीच. लेकीने त्यांना मुद्दाम नेऊन दाखवली होती. त्यांनी चष्मा पुसला, विटांमधल्या दरजांवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. "काय सुरेख दरजा भरल्यात! भिंत चांगली आहे. शंभर वर्षांची वाटते." लेकीने लगेच समितीच्या कागदावर लिहिलं: अनुभवी गवंड्याने पाहणी केली, भिंत उत्तम.

शुक्रवारी दुपारच्या खेळाला तिघं जाऊन बसले. लेकीला सवड नव्हती. ती रविवारच्या खुर्च्यांच्या मागे होती.

पहिला पाऊण तास पडद्यावर कुणी बोललंच नाही. एक नळ ठिबकत होता. थोरला भाऊ नळाकडे बघत होता. मग धाकटा भाऊ आला आणि थोरल्याकडे बघू लागला. मग दोघं नळाकडे.

"चकती गेलीय आतली," मिस्त्री बायकोच्या कानात म्हणाले. "ती बदलली असती तर एव्हाना घरी पोचलो असतो."

"शू!" जावई म्हणाले. "तो काळ आहे. ठिबकतोय."

"असा ठिबकतो? मग टाकी रिकामी व्हायची."

मिस्त्रींचे डोळे जड होऊ लागले. मान छातीकडे कलली. तेवढ्यात पडद्यावर विटा आल्या आणि ते ताठ बसले.

नटाने ढिगातली वीट उचलली. ती न्याहाळली, इतका वेळ न्याहाळली, जणू ती त्याला सांगून आलेली मुलगीच होती. मग तिच्यावर फुंकर मारली. लाल धूळ उन्हात उडाली. फार देखणी उडाली. मागून कुणीतरी "आहाहा" म्हणालं.

"कोरडी आहे," मिस्त्री पुटपुटले.

"काय?"

"वीट कोरडी ठणठणीत आहे. भिजवली नाही."

थापी त्याने अशी धरली होती, की आजाऱ्याला चमच्याने औषध पाजतोय असं वाटावं. सिमेंट-वाळूचा माल पसरला, वीट ठेवली आणि तिच्यावर हात फिरवला, कुरवाळल्यासारखा. दुसरी वीट. तिसरी. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि मागे नुसती वाळू उरते. हे घमेलं वाहायला आलेल्या नव्या माणसालाही पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या आत कळतं. म्हणून विटा आधी रात्रभर हौदात. इथे हौद सोडा, बादलीसुद्धा नव्हती. सगळं पाणी बहुधा त्या नळातून वाहून गेलं होतं.

मग मिस्त्रींना मजा येऊ लागली. आयुष्यात पहिल्यांदा चित्रपट बघताना त्यांना मजा येत होती. दुसरा थर आला, आणि वरच्या विटांचे सांधे खालच्या सांध्यांच्या बरोब्बर डोक्यावर. तिसऱ्याचे दुसऱ्याच्या डोक्यावर. खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट बसली, तर विटा एकमेकींना धरून राहतात. ह्या बसल्या होत्या कपाटात ताटं रचावीत तशा. पायाचं तर नावच नको; अंगणातल्या फरशीवरच पहिला थर. सकाळी कालवलेला माल सूर्य मावळला तरी चालूच, आणि त्या मालात नट रडला. सावकाश, दोन्ही डोळ्यांनी, पाच मिनिटं रडला.

"तेवढाच जरा भिजला," मिस्त्री म्हणाले.

पण आजूबाजूला नाकं ओढल्याचे आवाज येत होते. मिस्त्रीणबाई रडत होत्या. जावयांनी चष्मा काढला होता. पडद्यावर अकरावा थर चढला, आणि मिस्त्रींना राहवलं नाही. सगळं सभागृह श्वास धरून बसलेलं असताना ते ओरडले, "अहो, विटा भिजवा की!"

कुणीतरी "आजोबा, बाहेर व्हा" म्हणालं. पुढच्या रांगेतली एक बाई मात्र वळून डोळे पुसत आपल्या मैत्रिणीला म्हणाली, "बघ, किती भिडलंय त्यांना."

शेवट जवळ आला. भिंत पुरी झाली, पुरुषभर उंच. धाकटा भाऊ पलीकडच्या दाराशी येतो, कडीला हात लावतो आणि परत जातो. थोरला अलीकडे भिंतीला पाठ लावून खाली बसतो. मग चित्र हळूहळू मागे सरकू लागलं. अंगण दिसलं, पायऱ्या दिसल्या, पायऱ्यांच्या वर ती हिरवी खिडकी, जिच्या आत लेकीचं टेबल.

मिस्त्रींचं हसू तिथल्या तिथे विरलं. इतका वेळ ते एका खोट्या भिंतीला हसत होते. सिनेमातली भिंत, सिनेमातच राहील. पण अंगण एक होतं आणि भिंतही एकच. ह्या लोकांनी दुसरी बांधलीच नव्हती. जिच्या पोटात वाळू भरलेली त्यांनी आत्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तिच्याच तोंडाला नंतर कुणा हुशार कारागिराने दरजा भरून रंगरंगोटी केली होती, आणि त्या रंगाला ते स्वतः चांगलं म्हणून आले होते. तिच्याखाली चार बाकं होती.

दिवे लागले तेव्हा त्यांच्या पाठीला घाम होता.

बाहेर फुटपाथवर मंडळाची आठ-दहा माणसं जावयांभोवती जमली. बोलणं जोरात चाललं होतं.

"कोरड्या विटा बघितल्या?" जावई म्हणत होते. "कोरड्या! नात्यातला ओलावा गेल्याचं ह्याहून जळजळीत चित्र असूच शकत नाही. आमच्या सासऱ्यांच्या लगेच लक्षात आलं."

"आणि सांधे एका रेषेत," दुसरा म्हणाला. "दोघांची आयुष्यं समांतर."

"आणि पाया नाही! आजच्या माणसाला पाया आहेच कुठे?"

"आजच्या माणसाला नसेल," मिस्त्री म्हणाले. "भिंतीला लागतो. जावईबापू, घरी चला, काम आहे."

"मला बाई आवडला," वाटेत मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "तो धाकटा दाराशी येऊन परत जातो ना, तिथे पदर ओला झाला माझा."

मिस्त्री थोडं चालले. त्यांना एक सख्खा भाऊ होता. "ते चांगलं होतं," ते म्हणाले. "तेवढं चांगलं होतं."

शनिवारी सकाळी लेक वाचनालयात खुर्च्या मोजत असताना अंगणातून खरवडल्याचा आवाज आला. ती धावत बाहेर गेली. मिस्त्री भिंतीशी उकिडवे बसले होते आणि हातातल्या जुन्या खिळ्याने दरज उकरत होते.

"बाबा! अहो काय करताय? उद्या उद्घाटन आहे!"

"म्हणून तर आज करतोय."

दरजेचा नखाएवढा जाड पापुद्रा निघाला, आणि आतून फाटक्या पिशवीतून साखर सांडावी तशी वाळू सांडू लागली. मिस्त्रींनी खिळा बाजूला ठेवला. दोन बोटांनी वीट धरली, डावीउजवीकडे हलवली आणि खणातून पुस्तक काढावं तशी बाहेर काढून लेकीच्या हातात दिली. विटेला माल म्हणून चिकटलेला नव्हता.

लेक विटेकडे बघत राहिली. मग तिचा आवाज चढला. "तुम्हीच म्हणालात ना, शंभर वर्षांची वाटते?"

"वाटते म्हणालो," मिस्त्री म्हणाले, आणि स्वतःचीच लाज वाटून थांबले. "नाही. चांगली आहे म्हणालो. खोटं कशाला बोलू? दरजा बघून भुललो. दिसतं तसं नसतं, हे लोकांना सांगत चाळीस वर्षं गेली, आणि मी सिनेमावाल्याच्या रंगाला भुललो."

"उद्याचा दिवस निघेल? एवढाच एक दिवस, बाबा. पत्र माझ्या हातात पडू दे, मग परवा पाडा."

"निघेलही. महिनासुद्धा निघेल. आणि जोराचा वारा सुटला, कुणी जाडजूड माणूस टेकला, तर आजची दुपार निघायची नाही. ते मला सांगता येत नाही. खाली कोण बसणार आहे, ते तू मला सांग."

लेकीने मान वळवली. दुसऱ्या बाकावर निवृत्त नर्सबाई बसल्या होत्या. त्या रोज दहाला येत, वर्तमानपत्र उघडत आणि सव्वादहाला भिंतीला डोकं टेकून डुलकी काढत. आत्ता सव्वादहा वाजून गेले होते.

लेक त्यांच्याकडे गेली. "नर्सबाई, जरा आत बसता का? पंखा लावते."

"इथे बरी होते की गं मी."

"नाही, आतच बसा."

मग तिने एकटीने चारही बाकं ओढत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली. मिस्त्री मदतीला उठले तर म्हणाली, "गुडघा सांभाळा," आणि तेवढ्यावरून त्यांना कळलं, की राग अजून गेलेला नाही. शेवटी तिने भिंतीभोवती चार खांब उभे करून दोरी बांधली.

दुपारी जावई आले आणि दोरी बघून मटकन पायरीवर बसले. "ते उद्या येणार! त्यांच्या भिंतीसमोर दोरी? जनावरं बांधतात तशी?"

"मग उद्या त्यांच्याऐवजी तुम्ही बसा भिंतीखाली," लेक म्हणाली. "मी विम्याचे कागद शोधून ठेवते."

अध्यक्षांना तिने फोनवर सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ खोकल्याचा आवाज आला. "ताई, दोरी सकाळी निघाली पाहिजे. मी पत्रावर सही करणार ती स्मारकापुढे. ढिगाऱ्यापुढे नाही."

रविवारी अंगण भरलं. दिग्दर्शक तासभर उशिरा आले. अंगभर काळे कपडे, डोळ्यांना काळा चष्मा आणि भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर. मागे चार फोटोवाले. जावयांनी पुढे होऊन हात जोडले. दिग्दर्शकांनी त्या जोडलेल्या हातांत आपली पाण्याची बाटली ठेवली आणि पुढे गेले.

"मला तिथे बसायचंय," ते फोटोवाल्यांना म्हणाले. "भिंतीला पाठ लावून. शेवटच्या दृश्यासारखं."

दोरी होती तिथेच होती. तिच्यापुढे लेक उभी होती. "सर, तिथे जाता येणार नाही. भिंत धोक्याची आहे."

अध्यक्षांनी डोळे मिटले. दिग्दर्शक मात्र मंद हसले. "माझी प्रत्येक भिंत धोक्याची असते," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. जावयांनी बाटली काखेत मारून टाळ्या वाजवल्या. त्या नादात दिग्दर्शकांनी एक पाय दोरीपलीकडे टाकला.

"साहेब, पाय मागे घ्या," मिस्त्री पुढे येत म्हणाले.

"आपण?"

"गवंडी. हिचा बाप."

"वा! गवंडी!" दिग्दर्शकांनी फोटोवाल्यांकडे बघितलं. "चित्रपट पाहिलात?"

"पाहिला. जागेपणी."

लोक हसले. "मग? कसा वाटला आपल्याला?"

मिस्त्रीणबाईंनी मागून सदरा ओढला. मिस्त्री म्हणाले, "धाकटा भाऊ दाराशी येऊन परत जातो, ते चांगलं केलंत. भिंत वाईट आहे. विटा कोरड्या लावल्या."

"जाणीवपूर्वक," दिग्दर्शक म्हणाले.

"सांधे एकाच्या डोक्यावर एक आलेत."

"तेही जाणीवपूर्वक."

"पाया घातला नाही."

"अहो, तोच तर मुद्दा आहे!"

"बरं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी खांबाची गाठ सोडून दोरी खाली टाकली आणि हाताने वाट दाखवली. "मग आता जाणीवपूर्वक खाली बसा."

कुणी हसलं नाही. मिस्त्रींनी भिंतीतली एक वीट दोन बोटांनी बाहेर काढली आणि दिग्दर्शकांच्या हातावर ठेवली. भोकातून वाळूची धार लागली. तिचा सळसळ आवाज पार फाटकापर्यंत ऐकू गेला. वरच्या दोन विटा थोड्या खाली बसल्या. दिग्दर्शकांचा पलीकडे टाकलेला पाय, कुणी न सांगता, अलीकडे आला.

मिस्त्री लोकांकडे वळले. "साहेबांनी जे केलं ते जाणीवपूर्वक असेल, मला त्यातलं कळत नाही. माझी मात्र चूक झाली. भिंत चांगली आहे असं मी सांगितलं, ते समितीच्या कागदावर लिहिलंय. मी नुसत्या दरजा बघून बोललो. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाने असं करायचं नसतं. अध्यक्षसाहेब, ती ओळ खोडा. पोरीचा त्यात दोष नाही."

"ओळ खोडतो," अध्यक्ष म्हणाले, आणि हातातलं पत्र घडी घालून खिशात ठेवलं. "आणि मग हेही इथेच संपलं."

लेकीने एकदा त्या खिशाकडे बघितलं, मग बापाकडे. आता तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुसरंही काही नव्हतं, आणि ते बघणं मिस्त्रींना जास्त जड गेलं.

फोटोवाले वाट बघत होते. दिग्दर्शकांच्या एका हातात वीट होती, मफलरवर वाळू होती आणि शंभर माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आयुष्यभर ज्याने कधी चूक केली नाही, अशा माणसाला तिथून निघायला एकच वाट असते. त्यांनी वीट डोक्यावर उचलली.

"ही भिंत पडलीच पाहिजे!" ते गरजले. "माझ्या चित्रपटाचा खरा शेवट पडद्यावर नव्हताच. तो इथे आहे. आज आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मग पावणेतीन तास आम्हाला कशाला कोंडलं होतं?" मिस्त्री बायकोला म्हणाले.

तोवर गर्दी पुढे सरकू लागली होती. खऱ्या शेवटातली वीट प्रत्येकाला हवी होती. "मला एक," "मला दोन," "मधली द्या," असा गलका झाला. मिस्त्री दोन्ही हात पसरून आडवे झाले, आणि तेवढ्यात मागून लेकीचा आवाज आला. ती बाकावर उभी होती.

"सगळ्यांनी मागे व्हा! भिंत माझे बाबा वरून एकेक वीट काढत उतरवतील. कुणी हात लावायचा नाही. आणि भिंत वाचनालयाच्या आवारात आहे, म्हणजे विटा वाचनालयाच्या. त्या फक्त सभासदांना मिळतील. एका सभासदाला एक. अर्ज आत टेबलावर आहेत, रांग पायऱ्यांवरून."

मग पायऱ्यांकडे जी धावाधाव झाली, ती ह्या वाचनालयाने बांधल्या दिवसापासून पाहिली नव्हती. अर्ज पंचवीसच निघाले. जावई बाटली तिथेच ठेवून समोरच्या दुकानात आणखी छापून आणायला पळाले.

मिस्त्री शिडीवर चढले. मिस्त्रीणबाईंनी शिडी धरली. पक्क्या भिंतीतली वीट एक वेळ फुटते, पण सुटत नाही. तिला छिन्नी-हातोडा लावावा लागतो. ह्या मात्र हात लावला की निघत होत्या, धुतल्यासारख्या स्वच्छ. खाली पहिली वीट मिळालेला माणूस ती फिरवून बघत म्हणाला, "काय जपलीय हो! एक ओरखडा नाही."

"ज्याने बांधली त्याची कमाल," मिस्त्री वरून म्हणाले.

दुपारी एकला लेक वही घेऊन अध्यक्षांच्या खुर्चीशी गेली. "दोनशे सात झाले. रांग अजून फाटकाबाहेर आहे."

अध्यक्षांनी वही उलटसुलट बघितली. "हे सगळे विटेसाठी आलेत. वाचणार आहेत थोडेच."

"ते पुढचं पुढे. मी बघते." ती म्हणाली. "तुमचं पत्र खिशातच राहू दे. ठरावात सभासदांचा आकडा लिहिलाय. भिंत लिहिलेली नाही."

अध्यक्षांना पुन्हा खोकला आला. मग त्यांनी, फोटोवाले अजून गेले नाहीत हे बघून, तिच्याशी हात मिळवला.

टेबलाशी अर्ज तपासायला नर्सबाई बसल्या होत्या. त्यांच्यापुढे आता दिग्दर्शक उभे होते, मघाची वीट हातात घेऊन.

"पत्त्याचा पुरावा?" नर्सबाईंनी मान वर न करता विचारलं.

"मी ह्या चित्रपटाचा दिग्दर्शक आहे."

"असाल हो. राहता कुठे? गावाबाहेरच्यांना सभासद करत नाही आम्ही. वीट इथे ठेवा. पुढचे या."

दिग्दर्शकांनी वीट ठेवली. बाहेर पायरीवर जावई बसले होते. रांगेत उभं राहून शेवटी त्यांनाही एक मिळाली होती, अकराव्या थरातली, आणि ते तिच्यावरची धूळ आपल्या रुमालाने टिपत होते. समोर काळी सावली पडली म्हणून त्यांनी वर बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माणूस थेट त्यांच्याशी बोलत होता.

"तुम्ही आमचे चाहते ना? ही मला द्या."

जावयांनी विटेकडे बघितलं. मग शिडीकडे, जिथे सासरे घामाघूम होऊन नववा थर उतरवत होते. मग त्यांनी वीट मांडीवरून उचलून कुशीत घेतली.

"सर," ते आवाज खाली न आणता म्हणाले, "रांग तिकडून आहे."